अल्का वहिनीच्या तेवीस फाइली

कुडवा, गोंदिया
रविवार, २८ सप्टेंबर २०१४

आदरणीय दादा,
सप्रेम जय भीम.

"दुसऱ्याची चिठ्ठी हाती आली तं थे पोचवाची, उघडाची नाई." हे तू मला म्हणालास तेव्हा मी आठ वर्षांची होते. तू नुकताच पोस्टात लागला होतास. दुपारी जेवायला घरी आलास आणि सुलोचनाबाईंच्या मुलाचं भिलाईहून आलेलं आंतर्देशीय तुझ्या थैलीतून खाली पडलं. मी त्याच्या उघड्या कडेला डोळा लावून आत काय लिहिलंय ते वाचायला बघत होते. वाटलं, आता मार बसणार. तू मारलं नाहीस. जेवण अर्धं टाकून उठलास, ते पत्र माझ्या हातात दिलंस आणि सुलोचनाबाईंच्या दारापर्यंत माझ्यासोबत चालत आलास. द्यायचं मलाच होतं.

हे आज काऊन आठवलं, असं तू विचारशील. सांगते. आधी इकडचं लिहिते.

इकडे सगळे बरे आहेत. ह्यांची साखर आटोक्यात आली. भात कमी केला म्हणतात, पण दुसऱ्यांदा वाढून घेतलेला त्यात धरत नाहीत. माझी शाळा सुरळीत. दवनीवाड्याला स्कूटीनं जाते-येते. या वर्षी पहिलीत एकोणीस लेकरं आली. शाळेला दोन संगणक मिळाले आहेत, ते कपाटात कुलपात असतात आणि साहेब तपासणीला येणार असले की बाहेर निघतात. शकुंतलाबाई मावशींचे गुडघे धरले आहेत, तरी रोज सकाळी माझ्या दारावरून एक फेरी मारतात. वहिनी गेल्यापासून वहिनीच्या आईचं सगळं मीच बघावं असं तू सांगितलं नव्हतंस, पण ते तसं झालं. कुडवा एवढंसं आहे, त्यांचं घर माझ्यापासून चार घरं टाकून.

कानाचं मशीन लावतोस का? मागच्या फोनवर मी तीन वेळा औषधाचं विचारलं आणि तू तीन वेळा पावसाचं सांगितलंस. म्हणून हे पत्र. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला बोलता येत नाही. शिवाय तू अडतीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं पोचवलीस. रिटायर झाल्यावर तुला स्वतःच्या नावाचं एखादं यावं, असंही मनात होतं. ते असं असावं असं मात्र वाटलं नव्हतं.

त्याच फोनवर तू सांगितलंस की वहिनीचा लॅपटॉप चौदा ऑक्टोबरच्या कार्यक्रमात विहाराच्या वाचनालयाला देणार आहेस. "पडूनच हाये, अभ्यासाच्या पोरायच्या कामी येईल." मी म्हटलं, चांगलं केलंस. फोन ठेवला आणि पायरीवर बसून राहिले.

मंगळवार, ३० सप्टेंबर

दादा, रविवारी तिथवर लिहून मी उठले. कपडे भिजवलेले होते ते धुतले. मग पडदे धुतले. मग ज्याला हात लावायची गरज नव्हती असं बरंच काही धुतलं. काल शाळा होती. आज डोकं दुखतं म्हणून अर्धी रजा टाकली आहे. डोकं दुखत नाही.

जून दोन हजार दहा तुला आठवत असेल. वहिनीला जाऊन पाच महिने झाले होते. तिचा लॅपटॉप तू रोज संध्याकाळी चालू करायचास. तुला त्यातलं काही येत नव्हतं. चालू केलं की पडद्यावर 'अल्का' असं नाव यायचं, ते बघायचास, आणि बटन दाबून धरून बंद करायचास. आजारपणाच्या रजेवर असताना तिनं त्याच्यावर रोज थोडं थोडं टाइप केलं होतं. तहसील कार्यालयात बावीस वर्षं दुसऱ्यांचे आदेश टाइप केले, आता माझं करते, असं ती म्हणायची. तू विचारलंस तर म्हणाली, "पूर्ण झालं का देईन वाचाले, मधात पाहू नका." आणि तू बघितलं नाहीस. ती गेल्यावरही नाही. पूर्ण झालं होतं की नाही हे तुला ठाऊक नव्हतं, म्हणून. दुसरा कुणी असता तर पहिल्याच दिवशी कुणाला तरी बोलावून उघडायला लावलं असतं.

मग एका संध्याकाळी नाव आलंच नाही. काळा पडदा आणि पांढऱ्या अक्षरांत इंग्रजीची एक ओळ.

तू तो तिथल्या दुकानात टाकायला निघाला होतास. मीच म्हटलं, दुकानात कायले देतो, मी आहे ना. अडतिसाव्या वर्षी मी संगणकाचा कोर्स केला होता, तालुक्यातल्या शिक्षिकांत पहिल्या चारांत. घरात सगळे मला त्यावरून चिडवायचे आणि मला ते आवडायचं. तू सडक अर्जुनीहून एसटीनं आलास. लॅपटॉप वहिनीच्या पांढऱ्या साडीत गुंडाळलेला, पिशवीत. पिशवीला तू सुतळीनं एक पुठ्ठा बांधला होतास आणि त्यावर माझं नाव, घर नंबर, पिनकोडसकट पूर्ण पत्ता लिहिला होतास. मी हसले. म्हटलं, दादा, तू स्वतः घेऊन आलास ना. तू म्हणालास, "रस्त्यात मलेच काही झालं तं?"

तो पुठ्ठा अजून माझ्याकडे आहे.

रविवार होता, दुपार. तुला जेवायला वाढून मी आतल्या खोलीत बसले. कोर्सच्या सरांकडून विंडोजची सीडी आणली होती. मला काय करायचं ते नीट माहीत होतं, म्हणजे तसं वाटत होतं. तुलाही समजेल असं लिहिते. लॅपटॉपच्या आत दोन कप्पे होते. सी म्हणतात त्यात मशीन चालवणारं सगळं असतं, आणि डीमध्ये आपण ठेवलेलं. मशीन बिघडलं की सी कप्पा पूर्ण पुसून तिथं विंडोज नव्यानं टाकायचं. डीला हात लावायचा नाही. वहिनी शिस्तीची, तिनं सगळं डीमध्ये ठेवलं होतं.

सी पुसायला आणि नवं भरायला तासभर लागला. हे दोनदा दारातून डोकावले, "डॉक्टरीणबाई, पेशंट शुद्धीवर आला का?" तू बाहेर खाटेवर बसून होतास, आडवाही झाला नाहीस. मध्येच त्यानं नाव विचारलं, मालकाचं. मी विचार न करता 'खुशाल' टाकलं. वाटलं, तुला आनंद होईल. निघण्याआधी तू एकदा चालू करून बघितलंस आणि म्हणालास, "माहं नाव कायले टाकलं?" तेवढंच म्हणालास.

मशीन सुरू झालं. मी डी उघडला. आत एक फोल्डर, त्यात तेवीस फाइली. पहिली उघडली.

आत मराठी नव्हतं. इंग्रजी होतं तेही इंग्रजी नव्हतं. व्ही, के, झेड, मध्येच अर्धविराम, मध्येच कंस, पान भरून. दुसरी उघडली, तेच. आठ-दहा उघडल्या. सगळ्या तशाच. त्या दिवसांत व्हायरसची फार भीती होती. एकाच्या पेनड्राइव्हमधून दुसऱ्याच्या संगणकात जायचा आणि फाइली खाऊन टाकायचा, असं आम्हाला शिकवलं होतं. मला वाटलं, वहिनीचं सगळं त्यानं खाल्लं, आणि आता राहिलं तर नव्या विंडोजलाही खाईल.

तू बाहेर बसला होतास. मी उठून तुला सांगायला हवं होतं की दादा, हे असं दिसतंय, सरांना विचारू या. मी विचारलं नाही. ज्या सरांनी माझं उदाहरण बाकीच्या बायांना दिलं होतं त्यांच्यापुढे जाऊन मला हे समजत नाही असं म्हणायचं माझ्यानं झालं नाही. पहिली फाइल पेनड्राइव्हवर घेतली, नंतर कधी गुपचूप दाखवू म्हणून. आणि ते फोल्डर पुसलं. नुसतं पुसलं नाही. कचऱ्याच्या डब्यात जाऊन पडतं आणि परत काढता येतं तसंही नाही. दोन कळा एकदम दाबून, कायमचं पुसायचं का असं त्यानं विचारल्यावर हो म्हणून.

म्हणजे लॅपटॉप बंद पडला तो कदाचित तुझ्या बटनानं असेल. पण वहिनीचं लिहिलेलं बटनानं गेलं नाही. ते मी पुसलं.

इथवर सुद्धा चूकच म्हणता येईल. पुढचं चूक नाही.

मी बाहेर आले. म्हटलं, दादा, लॅपटॉप सुरू झाला, पण आतलं वहिनीचं काही वाचलं नाही. तू खाटेवरून उठलास. मग विचारलंस, "मी बटन दाबून बंद करत होतो, त्याच्यानं गेलं असंल का?"

मी म्हटलं, "असेल."

बस. एवढा एकच शब्द. मला माहीत होतं की तसं नाही. मी तेव्हा व्हायरस समजत होते, बटन नाही. पण तू स्वतःच विचारलंस आणि मला त्यामागे उभं राहायला जागा मिळाली. तू मान हलवलीस, चहा घेतला नाहीस, लॅपटॉप परत साडीत बांधलास. पुठ्ठा तेवढा सोडून ठेवलास, परतीच्या वाटेवर तो लागत नव्हता म्हणून.

त्यानंतर तू तो कधीच उघडला नाहीस.

बुधवार, १ ऑक्टोबर

वहिनीच्या पहिल्या स्मृतिदिनाचं लिहायचं राहिलं. ते टाळलं तर बाकीचं लिहून उपयोग नाही.

विहारात वंदना झाली. भंतेजींचं प्रवचन झालं. मग तू उभा राहिलास. तुला बोलायची सवय नाही, सगळ्यांना नवल वाटलं. तू शकुंतलाबाई मावशींकडे वळलास, हात जोडलेस आणि म्हणालास, "मावशी, तुमच्या लेकीनं आजारपणात बसून बसून लिवलं होतं. थे माह्या हातानं गेलं. मले माफ करा." मावशी रडल्या. बाया रडल्या. मी पांढरी साडी नेसून मावशींच्या मागेच बसले होते. माझ्या मांडीवर कुणाचं तरी लेकरू झोपलं होतं. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. लेकरू झोपलंय, उठता येत नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

तुझी ती सवय मला नंतर दिसायला लागली. घरातलं दिव्याचं बटनसुद्धा तू आता दाबत नाहीस. दिवाळीत मी आले होते तेव्हा तू अंधारात बसलेला होतास आणि मला म्हणालास, "लावून दे बाई, माह्या हाताले यश नाई." मी लावून दिला.

आता ऑगस्टचं सांगते, म्हणजे तुला समजेल की मी आत्ताच काऊन लिहून राहिले.

पंचायत समितीतून शाळेच्या पोषण आहाराचं एक पत्र पेनड्राइव्हवर आलं. शाळेतल्या संगणकात उघडलं तर व्ही, के, झेड, अर्धविराम, कंस. वहिनीच्या फाइलींत होतं तेच. मी ते घेऊन गोंदियाला पंचायत समितीत गेले. तिथे श्यामलाल म्हणून टायपिस्ट आहे, हिंदीच बोलतो, तोंडात सदानकदा सुपारी. मी म्हटलं, तुमच्या मशीनमध्ये व्हायरस आहे. तो हसला.

"कहाँ का व्हायरस, मॅडम? फाइल एकदम ठीक है. आपके कंप्यूटर में कृतिदेव नहीं है, बस."

कृतिदेव हे मराठी टायपिंगच्या फॉन्टचं नाव. टाइपरायटरवर शिकलेले लोक त्यातच टाइप करतात, कारण कळा त्याच जागी असतात. त्यात लिहिलेलं मराठी मशीनच्या पोटात इंग्रजी अक्षरांच्या रूपानं साठवलेलं असतं. फॉन्ट असला की मराठी दिसतं, नसला की ती अक्षरं जशीच्या तशी. त्यानं फॉन्ट माझ्या पेनड्राइव्हवर टाकून दिला आणि फाइल स्वतःच्या मशीनवर उघडली. "विषय: तांदळाची मागणी." सगळं शुद्ध मराठी, खाली सहीची जागासुद्धा.

फॉन्ट सी कप्प्यात असतो, दादा. विंडोजसोबत. सी मी पुसला होता. वहिनीच्या फाइली धडधाकट होत्या, एक अक्षर हललं नव्हतं. त्या दिसायला जे लागतं ते मीच काढून टाकलं, मग त्या दिसत नाहीत म्हणून त्याही काढून टाकल्या.

मी श्यामलालकडे पाणी मागितलं. तो म्हणाला, "मॅडम, चावल ही तो है, मिल जाएगा."

ती पेनड्राइव्ह चार वर्षं माझ्या बांगड्यांच्या डब्यात होती. सरांना दाखवायला घेतलेली, कधी न दाखवलेली. घरी आले, फॉन्ट टाकला आणि ती एक फाइल उघडली. मी ती वाचली. तुझ्याआधी वाचली, हेही सांगून ठेवते. कुणाचं आहे ते बघून पोचवायला तेवढी उघडायलाच हवी होती असं म्हणता येईल, पण मी दोनदा वाचली.

त्या फाइलीची छापील प्रत सोबतच्या छोट्या पाकिटात आहे. पाकीट चिकटवलेलं आहे. तुला हवं तेव्हा उघड. थोडं इथे उतरवते, कारण ते मी मावशींना वाचून दाखवलं आणि त्यावर जे झालं ते तुला सांगायचं आहे.

वहिनीनं लिहिलंय: "आई दिवसभर बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं, तंबाखू, दोरा. मी शेजारी बसून पान उचललं की ती माझा हात बाजूला सारायची. बोलायची नाही, नुसता हात सारायची. मला वाटायचं, आईला मी जवळ नको आहे. बिडी वळताना ती हातांकडे बघत नसे. दाराबाहेर बघायची, रस्त्यानं जाणाऱ्याशी बोलायची, आणि खाली बोटं आपलं काम करत राहायची. पुढे गोंदियात टायपिंगला गेले तेव्हा सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, कळांकडे बघायचं नाही. बाकीच्या मुली रडकुंडीला आल्या. मला ते जड गेलं नाही. मी ते घरी बघितलेलं होतं. आईनं मला बिडी शिकवली नाही, पण हे शिकवलं, आणि तिला ते माहीत नाही."

मावशी पाय लांब करून बसल्या होत्या. गुडघ्यांना तेल लावणं थांबलं.

"हे अल्कीनं लिवलं?"

"हो."

"हात सारला थे ध्यानात ठेवलं तं पोरीनं." मग विचारलं, "मी कायले सारत होतो, थे लिवलं का?"

"नाही मावशी."

"लिवाले पायजे होतं. तिच्या बोटाले वास लागू नाई म्हणून." त्यांनी तेलाचे हात लुगड्याला पुसले. "बाकीचं कुठं हाये?"

मी सांगितलं. जे तुला आत्ता लिहिलं ते सगळं, त्याच क्रमानं.

"जवायाले सांगितलं?"

"नाही."

"काऊन?"

मी त्यांच्या तेलाची वाटी बाजूला सरकवली.

"त्यानं माह्यासमोर हात जोडले होते पोरी. साऱ्या विहारासमोर. तू कुठं बसली होती?"

"तुमच्या मागं."

"मंग मले काय सांगून राहिली? मी का त्याची पोस्टमास्तर हावो? त्याले सांग." मी उठायला लागले तर म्हणाल्या, "पान ठेवून जा." त्यांना वाचता येत नाही. ते पान त्यांनी पाण्याच्या माठाजवळ उभं करून ठेवलं आहे, येता-जाता दिसेल असं. तेव्हापासून रोज सकाळी माझ्या दारावरून जी फेरी मारतात त्यात एकच विचारतात, "लिवलं?" आज मी मान हलवली आहे.

आता राहिलेलं.

त्या पहिल्या फाइलीच्या माथ्यावर वहिनीनं तेवीसही भागांची नावं लिहून ठेवली आहेत, कार्यालयात अनुक्रमणिका करतात तशी. पहिलं 'आई'. दुसरं 'टायपिंग'. सहावं माझं, 'रश्मी'. त्यात काय होतं ते मला कळणार नाही, आणि ते बरोबर आहे. चौदावं नाव आहे 'बाळ'.

चौऱ्यांशी साली तुम्ही दोघं दवाखान्यातून परत आलात तेव्हा मी सोळा वर्षांची होते. वहिनीचे हात रिकामे होते आणि तू सरळ थैली घेऊन ड्युटीवर गेलास. त्यानंतर ती कधी त्याबद्दल बोलायला लागली की तू उठून बाहेर जायचास. मी बघितलं आहे. मी तुला दोष देत नाही. पण तिनं ते कुठेतरी ठेवलं होतं, दादा, तू उठून जाणार नाहीस अशा ठिकाणी.

आणि तेविसावं, शेवटचं. तिनं तुला आयुष्यात नावानं हाक मारली नाही, 'अहो' आणि 'ऐकता का'. तेविसाव्यापुढे नुसतं 'खुशाल' असं लिहिलं आहे.

नावं तेवीस आणि फाइलीही तेवीस, म्हणजे तिचं पूर्ण झालं होतं. तिनं तुला वाचायला द्यायचं म्हटलं होतं ती वेळ आली होती.

फाइल वाचल्यावर दुसऱ्या दिवशी मी पुन्हा श्यामलालकडे गेले आणि दुसऱ्या कुणाचं म्हणून विचारलं. तो म्हणाला, "डिलीट किया मतलब गया नहीं, मॅडम. जब तक उस जगह पर कुछ नया नहीं लिखा, तब तक वहीं पड़ा रहता है." नागपूरला एक जण असं पुसलेलं परत काढून देतो. त्याचा पत्ता आणि फोन मी पाकिटावर मागच्या बाजूला लिहिला आहे. सगळं मिळेल असं नाही. काहीच मिळणार नाही असंही होईल. पण तू चार वर्षं तो उघडलाच नाहीस, त्यामुळेच आशा आहे, असं श्यामलाल म्हणाला. तुझ्या हाताचा दोष समजून तू तो बंद ठेवलास, त्यानंच ते राखलं असेल तर राखलं.

वाचनालयात गेला की पोरं पहिल्याच दिवशी त्यात गाणी आणि सिनेमे भरतील. मग संपलं. म्हणून तो देऊ नको. चालूसुद्धा करून बघू नको, एकदाही नाही. विहाराला दिलेला शब्द तू मोडत नाहीस हे मला ठाऊक आहे, म्हणून माझा घरचा संगणक मी चौदा तारखेला घेऊन येते. तो नवा आहे, पोरांना जास्त उपयोगी पडेल. आणि त्या दिवशी तू जिथं उभा राहिला होतास तिथं मी उभी राहीन आणि कुणाच्या हातानं गेलं ते सांगेन. त्यासाठी तुझी परवानगी मागत नाही. ते तुझ्यावरून उतरलं पाहिजे.

लॅपटॉप नागपूरला तूच घेऊन जा. माझ्या हाती देऊ नको, मी मागणारही नाही. नव्या बसस्टँडवरून ते दुकान जवळ आहे. त्याला आधीच सांग की मराठी आहे, कृतिदेव आहे, म्हणजे तोही माझ्यासारखा फसणार नाही.

एक मागते. त्या दिवशी मला सोबत येऊ दे. गाडीत मी मागच्या सीटवर बसेन. दुकानाच्या आत येणार नाही, काही निघालं तर वाचायला मागणार नाही, सहावंसुद्धा नाही. निघालं की नाही निघालं, एवढं तुझ्या तोंडावरून मला कळेल, तेवढ्यासाठी. तू नाही म्हणशील. वहिनीचं आहे, मी एकटाच जाईन, असं म्हणशील, आणि म्हणायचा तुला हक्क आहे. फोनवर म्हणू नको, पत्रानं कळव. तुझ्या अक्षरातलं नाही मला चालेल. पण मी विचारते आहे, दादा. मला येऊ देशील का?

तुझ्या दारापाशी उभी,
रश्मी